खरी बाजू

१

मंगळवारी दुपारी सव्वादोनला, अकराव्या फेरीत, तिसऱ्या गाडीचं पुढचं उजवं चाक निघालं. आम्ही चाचणीच्या धावपट्टीच्या कठड्यापाशी उभे होतो. चाक गाडीला मागे टाकून एकटंच पळत सुटलं तेव्हा डायरेक्टर लोकांपैकी एकजण हसलासुद्धा. हाही प्रयोगाचाच भाग असावा असं वाटलं असेल बापड्याला. मग गाडीचा कोपरा सिमेंटवर बसला, गाडी भिंतीवर आदळली आणि मागच्या अंगाला असलेल्या इंजिनाने पेट घेतला. गाडीचं अंग फायबरग्लासचं, एकदा पेटलं की पेटलंच.

आत रस टेनहाफ होता, आमचा चाचणीचा ड्रायव्हर. सगळ्यांच्या आधी धावला तो फेरेन्त्स बार्ता, आमचा हंगेरियन मेकॅनिक. त्याने उघड्या हातांनी दार उपटून रसला बाहेर ओढलं, पण ओढण्यासारखं फार उरलं नव्हतं. पांढरी पावडर मारून आग विझवली. बार्ताला अँब्युलन्समध्ये घातलं आणि तासाभराने पोलीस त्याच रस्त्याने गेले. ते चाक बार्तानेच बसवलं होतं.

आज केस्ट्रेल गाडीसाठी हौशी माणसं घर गहाण टाकायला निघतात. तिच्या आधीच्या तीन प्रयोगाच्या गाड्यांचं नाव कुणी काढत नाही. मी काढतो, कारण तिन्ही माझ्या हाताखालून गेल्या. मी स्टॅश व्रोना, डेट्रॉइटजवळ वॉर्डेल मोटर्सच्या स्टुडिओत बावीस वर्षं मातीकाम केलेला माणूस. गाडी पत्र्याची किंवा फायबरची व्हायच्या आधी आमच्याकडे मातीची होते, पुऱ्या मापाची. आमच्या मातीत गंधक असतं. माझ्या बायकोच्या गळ्यातला चांदीचा क्रूस माझ्या कपड्यांमुळे काळा पडायचा आणि तिची जीभ त्याहून काळी व्हायची.

प्रयोगाची गाडी काम झालं की चेचून टाकायची, हा कंपनीचा नियम. दुसऱ्या कंपन्यांच्या नजरेला पडू नये म्हणून. जळालेल्या तिसरीचा मुहूर्त शुक्रवारी दुपारी बाराचा ठरला.

बार्ताचा मुहूर्तही शुक्रवारचाच म्हणायचा. त्याची बायको इलोना आणि चार वर्षांची झुझी ऑस्ट्रियातल्या निर्वासितांच्या छावणीत दीड वर्ष बसून होत्या. अमेरिकेचे कागद शेवटच्या सहीवर आले होते. ऑस्ट्रेलियावाले तिला लगेच न्यायला तयार होते, पण हा दर पत्रात लिहायचा, थांब, आता फक्त सहीच राहिलीय. नवऱ्यावर मनुष्यवधाचा आरोप लागला की ती सही कायमची बुडणार होती. पोलिसांना आरोपपत्र शुक्रवारी संध्याकाळी द्यायचं होतं.

२

बुधवारी सकाळी विमा कंपनीची तपासनीस आली. हेझल ऑस्टरमन, पन्नाशीची, युद्धात विमानांच्या पंखांना रिव्हेट मारलेली विधवा. सतत पेपरमिंट चघळायची. आमच्या स्टुडिओच्या मॅनेजरांनी मला तिच्या दिमतीला दिलं. "म्हातारं माणूस आहेस, गोड बोलतोस. सगळीकडे फिरव, पण फार काही दाखवू नकोस," असं बजावून.

तिने गाडीत बसताच विचारलं, "फार काही दाखवू नकोस म्हणाले ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"सगळीकडे तेच सांगतात. चला, आधी हॉस्पिटल."

बार्ताचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या गुंडाळ्यांत होते. दाराशी पोलीस बसला होता. मला पाहून त्याचा चेहरा उजळला. "स्टॅश बाची!" तो मला बाची म्हणायचा, त्यांच्यात वडीलधाऱ्या माणसाला म्हणतात तसं. माझ्या स्वतःच्या पुतण्यांनी मला कधी इतक्या मानाने हाक मारली नाही.

हेझल स्टूल ओढून बसली. "चाक कसं बसवलंस ते सांग. मी रिव्हेटवाली आहे, मला सोपं करून सांग."

"एकच मोठी नट, मधोमध. तिला तीन कान. कानावर हातोडा मारायचा, नट फिरते, घट्ट होते. डावीकडे आटे सुलटे. उजवीकडे आटे उलटे. असं केलं तर चाक फिरताना नट आपोआप आवळते."

"आणि अदलाबदल झाली तर?"

"मग चाक फिरताना नट सुटते. हळूहळू. फेरी, फेरी, फेरी." त्याने मान वळवली. "उजवीकडची सुलटी बसली, मॅडम. मी हातोडा मारला तो नेहमी डावीकडे मारतो तसाच. मला बरं नाही वाटलं. मी स्टेनहाउस साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, पेटीवर आहे तसं कर, डायरेक्टर खोळंबलेत, बाराच तर फेऱ्या आहेत."

ऑर्विल स्टेनहाउस म्हणजे प्रयोग विभागाचा मुख्य इंजिनियर.

"साहेब म्हणतात, तू असं काही बोललाच नाहीस," हेझल म्हणाली. "आणि मुख्य म्हणजे पोलिसांनी मोडलेली गाडी पाहिली. चाक निघालं त्या उजव्या हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या तुंब्यावर, आटे उलटेच आहेत. जसे हवेत तसे. गवतात सापडलेली नटही उलट्या आट्यांची. म्हणजे भाग बरोबर होता आणि तू तो नीट ठोकला नाहीस."

बार्ताने गुंडाळलेले हात वर धरले. "नाही," तो म्हणाला. "माझे हात खोटं नाही बोलत."

"पेटी कसली?"

"ब्रेक मोठे केले म्हणून पुढचे हब नवीन. दोन पेट्यांत आले, हब आणि नट. एकीवर लिहिलेलं 'खरी', दुसरीवर 'आरसा'."

हेझल माझ्याकडे वळली. मी खिडकी उघडायला उठलो होतो.

"अक्षर माझं," मी म्हणालो. "भाग पॉलिशसाठी आमच्याकडे येतात, मग मी पेटीवर खूण करून पाठवतो. आम्ही मातीची अर्धीच गाडी करतो आणि तिला आरसा लावतो, म्हणजे पूर्ण दिसते. मातीची ती खरी बाजू. उरलेली आरशातली."

"खरी म्हणजे डावी की उजवी?"

"डावी. पूर्वीपासून."

"मग बार्ताने 'खरी' कुठे लावली?"

"डावीकडे," बार्ता म्हणाला. "सगळे तसंच सांगतात."

हेझलने पेपरमिंट दाताखाली फोडलं. "म्हणजे पेटी बरोबर, लावणारा बरोबर आणि गाडीवर दिसतंय तेही बरोबर. तरी हा म्हणतो उलटं होतं." बाहेर आल्यावर ती जिन्यातच थांबली. "मिस्टर व्रोना, तुमचा मित्र एकतर खोटारडा आहे, नाहीतर कुणीतरी त्याला खोटारडा ठरवलंय."

३

गुरुवारी तिने स्टुडिओ पाहायला मागितला. तिथला राजा म्हणजे लॉयल डेव्हरो, केस्ट्रेलचं रूप ज्याच्या डोक्यातून निघालं तो. क्रीम रंगाचा सूट आणि त्याच रंगाचे हातमोजे. मंगळवारीच चाचणी हवी म्हणून हट्ट त्यानेच धरला होता, आणि रसशी त्याचं आदल्या आठवड्यात भांडणही झालं होतं.

"भांडण कशावरून?" हेझलने विचारलं.

"तो म्हणाला माझी गाडी बाथटबसारखी दिसते. तुम्ही भांडला नसता?"

"मेलेल्या माणसाची आठवण निघाल्यावर असं बोलवतं तुम्हाला?"

डेव्हरोने हातमोजे काढले. मग म्हणाला, "मी मंगळवारचा हट्ट धरला. एक आठवडा थांबलो असतो तर? दोन रात्री हेच चाललंय डोक्यात. लिहून घ्या हवं तर."

तिने लिहून घेतलं नाही. जवळच्या बाकावर एक पाना पडला होता, तो उचलून तिने त्याच्या हातात दिला. "हा कसला?" त्याने तो उलटासुलटा केला आणि लहान मुलासारखा परत दिला. त्याला पाना आणि चिमटा यांतला फरकही सांगता आला नसता.

मग ती मातीच्या गाडीभोवती हिंडली. आरशाला चिकटून उभी असलेली तपकिरी अर्धी गाडी आणि तिच्या प्रतिबिंबाने पुरी झालेली. नवख्या माणसाचा जीव इथे नेहमीच हरखतो. तिने अर्ध्या दारातून आत डोकावलं. "अगंबाई! तुमचा ड्रायव्हर तर आरशात बसतो."

डेव्हरो हसला. मी ब्रश धुवायला गेलो.

दुपारी स्टेनहाउस. कामाचा माणूस, तळापासून वर आलेला, हाताला घट्टे. रसच्या बायकोला धरून तो सगळ्यांसमोर रडला होता, आणि ते रडणं खोटं नव्हतं हे मी आजही सांगेन.

"बार्ता वाईट नाही हो," तो म्हणाला. "पण घाईत होता. बायकोचं पत्र आलं नव्हतं, चित्त थाऱ्यावर नव्हतं."

"उजव्या नटबद्दल तो तुमच्याशी काही बोलला?"

"एक शब्द नाही."

"पेट्या?"

"कसल्या पेट्या? भाग कपड्यात गुंडाळून आले होते." त्याने कानांवर हात ठेवले.

"गवतातली नट कुणाला सापडली?"

"मला. संध्याकाळी."

"आणि गाडी आग विझल्यावर जिथे ठेवली, त्या शेडची किल्ली?"

"माझ्याकडेच. मंगळवारी रात्री पोलीस पाहून गेले तेवढं सोडलं तर कुणी आत गेलेलं नाही. मीसुद्धा गाडीला बोट लावलेलं नाही."

"छान," हेझल म्हणाली. "उद्या अकराला मी पाहीन."

स्टेनहाउसने घड्याळाकडे पाहिलं. "उद्या अकराला काही नसेल, बाई. चेचायची वेळ अलीकडे आणलीय. सकाळी आठ."

४

शुक्रवारी सात वाजता आम्ही शेडच्या दारात होतो. हेझलने विमा कंपनीचा कागद चौकीदाराच्या नाकासमोर धरला. स्टेनहाउस धावत आला, दाढीचा साबण कानाला तसाच.

गाडीचा मागचा भाग कोळसा झाला होता. पुढचा भाग बराचसा शाबूत, पण सगळीकडे आग विझवायची पांढरी पावडर, पिठाच्या गिरणीत बसते तशी. उजवा हब उघडा होता, टोकाला खरवडलेला. स्टेनहाउस तिथेच जाऊन उभा राहिला. "हे निघालेलं चाक. पाहा, उलटे आटे."

"सगळे निघालेल्या चाकाकडेच बघतायत," हेझल म्हणाली. "मला न निघालेलं दाखवा."

ती डावीकडे गेली आणि वाकली. मीही वाकलो. टायरवर पावडर, चाकाच्या तारांवर पावडर, कमानीवर पावडर. फक्त नटचे तीन कान लखलखीत होते, आणि त्यांच्यावर तांब्याच्या हातोड्याच्या ताज्या तांबूस खुणा होत्या.

"मिस्टर व्रोना, पावडर केव्हा मारली?"

"आग लागल्यावर. अडीचच्या सुमाराला."

"म्हणजे या नटवर हातोडा पडला तो त्यानंतर. त्या वेळी बार्ताचे हात बँडेजमध्ये होते. मिस्टर डेव्हरोंना पाना धरता येत नाही. किल्ली एकाच माणसाकडे." ती उठली. "काढा हे चाक."

स्टेनहाउस हलला नाही. चौकीदाराने काढलं. नट अर्ध्यात अडली, कुरकुरली, मग आली. चाक खाली ठेवलं आणि आम्ही सगळे त्या हबकडे बघत राहिलो. जे चाक गाडीवरून कधी निघालंच नव्हतं, त्याच्या आतला हब सिमेंटवर घासून चपटा झालेला होता. आट्यांमध्ये रस्त्याची राखाडी भुकटी भरली होती.

"रस्त्यावर घासला तो हा हब," हेझल शांतपणे म्हणाली. "सुलट्या आट्यांचा. मंगळवारी दुपारी हा उजवीकडे होता, बार्ता म्हणाला तसाच. तुम्ही संध्याकाळी दोन्ही हब काढून त्यांची अदलाबदल केलीत, नटांचीही केलीत, आणि कोऱ्या हबला कानस मारून खरवडलंत. उजवीकडचे ओरखडे बघा, कापडाच्या विणीसारखे आडवेउभे आहेत. रस्ता एकाच दिशेने ओरबाडतो."

स्टेनहाउस टायरवर बसला. त्याने कानावरचा साबण पुसला. "हो," तो म्हणाला. "केलं मी. उलटं लागलंय हे डायरेक्टरांना कळलं असतं तर सगळी गाडीच रद्द झाली असती. चारशे माणसं आहेत या गाडीवर."

"आणि एक माणूस तुरुंगाच्या दारात."

"पण चूक त्याचीच आहे!" तो ओरडला. "मी झाकली, मान्य. पण हब चुकीच्या बाजूला लावले कुणी? त्यानेच. मला त्याने काही सांगितलं नाही. पेट्या नव्हत्याच. पोलिसांना विचारा, लावणाराच गुन्हेगार. मला फार तर नोकरी जाईल. तो मात्र आत जाणारच."

आणि वाईट असं, की त्याचं खरं होतं. पेट्या त्याने जाळल्या असणार. बार्ताच्या शब्दाला आता कुणाचीच साक्ष नव्हती.

५

हेझलने पेपरमिंटचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि विचारलं, "मिस्टर स्टेनहाउस, स्टुडिओतले लोक 'खरी' म्हणाले तर तुम्ही कुठली बाजू समजता?"

"डावी. अकरा वर्षं ऐकतोय. सगळा विभाग तेच समजतो."

"बुधवारी मिस्टर व्रोनांनीही तेच सांगितलं मला. 'पूर्वीपासून.'" ती माझ्याकडे वळली, रागाने नाही. "पण काल मी तुमच्या मातीच्या गाडीत डोकावले. तुमचा ड्रायव्हर आरशात बसतो. आपल्या देशात ड्रायव्हर डावीकडे बसतो, मिस्टर व्रोना. मग मातीची बाजू कुठली?"

माझी नजर उजव्या हबकडे गेली.

"केव्हा फिरवली?"

पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते त्या शेडमध्ये कळलं. आता लपवण्यात अर्थ नाही, तर लिहून टाकतो. मार्चमध्ये पेट्रोलचं झाकण आणि हवेची जाळी उजवीकडे घ्यायचं ठरलं, म्हणून आम्ही डावी अर्धी मोडून उजवी अर्धी केली. त्या दिवसापासून आमच्यासाठी खरी म्हणजे उजवी झाली. कुणी हुकूम काढला नाही. हाताखाली माती ज्या बाजूची, ती खरी. मी उलट्या आट्यांचे भाग पेटीत घातले आणि सवयीने वर लिहिलं 'खरी'. प्रयोग विभागाला कुणी कळवलं नाही. कळवायचं ते मीच. 'उजवी' असा तीन अक्षरांचा शब्द लिहायला मला काय धाड भरली होती? बावीस वर्षं अर्ध्या गाडीकडे पाहून मला वाटायला लागलं होतं की सगळं जग तिच्याकडे माझ्याच जागेवरून पाहतं.

बुधवारी बार्ता 'खरी' म्हणाला तेव्हाच मला सगळं कळलं. मूग गिळून बसलो. म्हणजे बसलो तरी कुठे, खोटं बोललो. पूर्वीपासून डावी. प्रत्येक शब्द खरा आणि सगळं मिळून खोटं. कंपनी हाकलेल, रसची बायको मला चर्चमध्ये भेटेल, पोरं मला ओळखणार नाहीत, अशी भीती वाटली. आणि मनाशी म्हणालो, ही हेझल बाई हुशार आहे, ती माझ्याशिवायही त्याला सोडवेल. भित्र्या माणसाचा देव नेहमी दुसऱ्या कुणाच्या तरी रूपात येतो.

"मार्चमध्ये फिरवली," मी म्हणालो. "पेटीवर मी लिहिलं. पेट्या होत्या. चुकीचं माझ्यामुळे लागलं. बार्ताने पेटीवर होतं तेच केलं."

स्टेनहाउसने मान वर केली. "व्रोना, तुला कळतंय का तू काय बोलतोयस?"

"तुम्हालाही कळलं होतं, साहेब," मी म्हणालो. "मंगळवारी. तो सांगायला आला तेव्हा. आटे कुठल्या बाजूला कसे असतात हे तुम्ही आयुष्यभर शिकवत आलात. मी तर चुकलो. तुम्ही ऐकून घेतलंत आणि रसला गाडीत बसू दिलंत."

दोन्ही तळहात चेहऱ्यावर धरून स्टेनहाउस म्हणाला, "बाराच फेऱ्या होत्या." हेझलने ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले.

मी पोलीस चौकीत जबाब दिला, चार पानं, प्रत्येक पानावर सही. तीन वाजता बार्ताच्या दारावरचा पोलीस उठवला. कंपनीने मला त्याच दिवशी घरी पाठवलं, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही.

हेझल म्हणाली, "आनंदाची बातमी तुम्हीच सांगा त्याला. तेवढं तुमच्या वाट्याला येऊ दे."

मी सांगितलं. सगळं सांगितलं, माझं अक्षरही. बार्ता छताकडे बघत ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "म्हणजे आरोप नाही?"

"नाही. इलोनाची सही होईल. हेझल बाई स्वतः पत्र देणार आहेत."

"काल सकाळी नर्सने माझ्यासाठी इलोनाला तार केली," तो म्हणाला. "मी सांगितलं तशी. मी तुरुंगात जातो, वाट बघू नको, मुलीला घे, ऑस्ट्रेलियाला जा."

मी पळालो. साठीच्या उंबरठ्यावर हॉस्पिटलचे तीन जिने उतरून तारघरापर्यंत पळालो. छावणीच्या कचेरीला तार केली, थांबवा म्हणून, दुप्पट तातडीची. उत्तर शनिवारी सकाळी आलं. बार्ताला कागद धरता येत नव्हता म्हणून मीच उघडून वाचलं. इलोना बार्ता आणि मुलगी शुक्रवारी पहाटेच्या गाडीने बंदराकडे रवाना. ऑस्ट्रेलियाच्या कागदांवर सह्या झाल्या. अमेरिकेचा अर्ज रद्द.

मला वाटलं, बार्ता शिव्या देईल. त्याच्या भाषेत दिल्या तरी मला कळल्या असत्या.

"तुला कधी कळलं, बाची?" त्याने विचारलं. "पेटीचं."

"बुधवारी. इथेच. तू सांगितलंस तेव्हा."

त्याने मान हलवली, हिशेब पटल्यासारखी.

"बुधवारी ती छावणीतच होती," तो म्हणाला.